बिनगॅसचा स्टॉल

मराठी मंडळाच्या हिवाळी खाद्यमेळ्यात स्टॉल लावणार, असं वहिनीने जाहीर केलं तेव्हा दादा निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर आणखी काही महिने ठेवता येणार होतं, मग दोघं पुण्याला परतणार होते. म्हणजे दिल्लीतला हा तिचा शेवटचा हिवाळा. मेळा शहरातल्या एका मोठ्या बागेत होता आणि बागेत खाणं विकायचं तर परवानगी हवी.

"एक फोन करतो," दादा म्हणाला. दादाच्या फोनवर आम्हा सगळ्यांचा गाढ विश्वास. मी गुरुग्रामला आयटीत नोकरी करतो, रांग बघितली की माझं डोकं फिरतं. त्यामुळे मी तर फोन त्याच्या हातात आणूनही दिला.

वहिनीने तो काढून घेतला. "फोन करायचा नाही. गॅसचं कनेक्शन, पोरीची शाळा, रेल्वेचं रिझर्व्हेशन, सगळं आजवर सरांच्या मिसेसचं म्हणून झालं. एकदा बघू दे, नुसतं माझं म्हणून काही होतंय का."

ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे मला ती अजून दटावते. दादाला मात्र तिने असं दटावलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

पहिलीच पायरी अडली. खाण्याचे पदार्थ विकायचे तर नोंदणी लागते, आणि नोंदणीला स्वयंपाकघराचा पत्ता. सरकारी क्वार्टरमधून धंदा करायची मुभा नाही. अर्ज भरून देणारा मुलगा समजूतदारपणे म्हणाला, "आंटी, कोई भी एड्रेस डाल दीजिए. कौन देखने आता है?"

"मैं देखूँगी ना, भैया," वहिनी म्हणाली आणि उठली.

मी कपाळावर हात मारला. माझं गुरुग्रामचं स्वयंपाकघर देऊ केलं, तर ते पडलं हरियाणात. शेवटी मंडळातल्या एका काकूंनी हात पुढे केला. या काकू ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून दिल्लीत, हिंदूराव भागात राहतात. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते, पण स्वयंपाकघर असं लख्ख की तिथे चमचा आपटायलाही भीती वाटते. "अगं, बिल्कुल ये," काकू म्हणाल्या, "पण माझ्या ओट्यावर पसारा करायचा नाही, अच्छा? आणि माझ्या चाकूला हात लावायचा नाही." वहिनी रोज सकाळी मेट्रोने तिकडे जायला लागली. तिथल्याच सरकारी दवाखान्यात रांग लावून तिने आरोग्याचा दाखलाही घेतला. पत्ता खरा, दाखला खरा, म्हणून नोंदणी झाली. मला वाटलं, जिंकलो.

मग बागेची अट आली. गवतावर आग चालणार नाही. गॅस नाही, शेगडी नाही, निखारासुद्धा नाही. वहिनीचा बेत होता मिसळीचा, आणि गार मिसळ म्हणजे पाहुण्याला शिक्षाच. मंडळातले बाकीचे निवांत होते. कुणीतरी म्हणालं, सिलिंडर टेबलाखाली ठेवायचा, वर चादर टाकायची, सगळे तसंच करतात. मलाही यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगतो.

वहिनीने दोन दिवस पदार्थांची वही चाळली. तिसऱ्या दिवशी आयएनए मार्केटमधून नारळांची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "दडपे पोहे."

मी जागच्या जागी थक्क झालो. पातळ पोह्यांना आग लागतेच कुठे? ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, मिरची, लिंबू घालून कालवायचे, वर वजन ठेवून दडपायचे, की आपले आपण मऊ होतात. फोडणी आणि तळलेले पापड काकूंकडून तयार करून आणायचे. नियमाशी भांडली नाही, त्याला वळसाही घातला नाही. नियमात बसेल असा पदार्थ शोधून काढला. मी दिवसभर ऑफिसात "सोल्यूशन" हा शब्द तोंडात घोळवत असतो, पण मला हे सुचलं नसतं. माझ्या बायकोला मी त्या रात्री हे तीनदा सांगितलं. शेवटी ती म्हणाली, कळलं, झोप आता.

परवानगीच्या शेवटच्या दिवशी मी गाडी घेऊन दोघांना बागेच्या ऑफिसात सोडायला गेलो. उद्यान विभागातल्या मॅडमनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. "गॅस कहाँ रखेंगी?"

"गॅस नहीं है."

"तो पकाएँगी कैसे?"

"पकाना ही नहीं है," वहिनी म्हणाली आणि तिच्या पुणेरी हिंदीत दडपे पोहे समजावायला लागली. हाताने दडपून दाखवलं. मॅडमचा चेहरा काही पालटेना. कच्चे पोहे, तेही थंडीत? पण नियमात बसत होतं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हेल्पर?"

हेल्पर म्हणून माझी पुतणी पुण्याहून येणार होती. तिची रजा आदल्या संध्याकाळी रद्द झाली होती, आणि दाखला असलेला दुसरा हेल्पर आम्ही कुठून आणणार? वहिनीने हे मॅडमना खरंखरं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हेल्परच्या दाखल्याशिवाय पास निघणार नाही, आणि आज ऑफिस बंद होईपर्यंतच वेळ आहे. त्या काही वाईट वागल्या नाहीत. वहिनी मात्र एकदम लहान दिसायला लागली. माझा संयम सुटला. बाहेर बाकावर बसलेल्या दादाला मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "आता तरी कर फोन!"

दादा उठला आणि आत आला. पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली, तिच्यातून एक कागद काढला आणि मॅडमपुढे ठेवला. त्याच्या स्वतःच्या नावाचा आरोग्याचा दाखला. वहिनी काकूंकडे पोहे दडपून बघत होती तेव्हा हा पठ्ठ्या गुपचूप तिकडच्याच रांगेत उभा राहून आला होता.

"अहो, तुम्ही कधी..." वहिनीने कागदावरचं नाव परत वाचलं.

"ऐन वेळी कुणीतरी गळतंच," दादा म्हणाला. "नोकरीभर हेच बघितलंय."

पास निघाला. स्टॉलवर वहिनीचं नाव, खाली हेल्पर म्हणून दादाचं. अख्खी नोकरी ज्याच्या सहीसाठी लोक बाहेर ताटकळले, तो माझा भाऊ गळ्यात हेल्परचं कार्ड घालून थंडीत नारळ खवत बसला. मला त्याचा इतका अभिमान त्याच्या कुठल्याच बढतीला वाटला नव्हता.

पहिला तास कुणी फिरकलं नाही. "ठंडा पोहा?" म्हणून लोक पुढे जायचे. वहिनीने चमच्याने चव द्यायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत रांग लागली. त्या रांगेला वळसा घालून एक गृहस्थ बायकोसह थेट टेबलापाशी आले. दादाच्या हाताखाली काम केलेले.

"अरे सर! आप यहाँ?" आणि मग बायकोकडे वळून, मोठ्या आदराने, "ये हमारे सर की मिसेस हैं."

वहिनी हसली. सरकारी समारंभांच्या सगळ्या फोटोंत ती तशीच हसलेली आहे.

दादाने हात पुसले आणि गळ्यातलं कार्ड उचलून धरलं. "यहाँ सर कोई नहीं है. स्टॉल मॅडम का है, मैं इनका हेल्पर हूँ. आप लाइन में आ जाइए."

गृहस्थांना ती थट्टा वाटली, ते हसले. दादा हसला नाही. मग ते मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

वहिनीच्या मुठीतलं लिंबू तसंच राहिलं होतं. डोळे भरून आले होते, आणि ती काहीतरी बोलेल म्हणून मी बघत राहिलो. तिने नाक ओढलं, लिंबू पिळलं आणि म्हणाली, "अहो, प्लेटा संपल्यात."

आणि दादा, आयुष्यात पहिल्यांदा, वहिनीच्या एका हाकेत उठला.