चाळीस दिवसांचं पाणी

राधामेस पानियाग्वाच्या उजव्या खांद्यावर चांगला रुपयाएवढा घट्टा पडला होता. वीस-बावीस वर्षं लोकांच्या घरात समुद्र वाहून नेल्यावर दुसरं काय पडणार? मीठ कालवलेल्या पाण्याचे ड्रम, दगडांच्या पेट्या, वाळूची पोती, सगळं त्याच एका खांद्यावरून जिने चढलेलं. सांतो दोमिंगो शहराच्या वरच्या वस्त्यांमध्ये ज्याला ज्याला दिवाणखान्यात भिंतभर काच लावून पोवळी वाढवायची हौस आली, त्याने त्याने याला बोलावलं. सगळे त्याला मास्तर म्हणत.

गाव बाराओना. बाप मासेमार. बाप मरेपर्यंत म्हणत राहिला, "मी मासे धरतो ते पोट भरायला. तू जगवतोस ते लोकांनी बघत बसायला. आपल्या दोघांत येडा कोण, ते वर गेल्यावर विचारतो."

आता राधामेसला एकसष्ट लागलं होतं आणि डावा गुडघा जिना बघितला की आधीच कुरकुरायचा. बायको मिनेर्व्हा पुढे निघून गेली होती, बाराओनातल्या बापाच्या घरावर नवं छप्पर घालून घ्यायला. तिला त्याने शब्द दिला होता: हे एवढं एक काम, मग मी आलोच.

हे एक काम म्हणजे दोन्या इव्हेलिसचं, म्हणजे इव्हेलिसबाईंचं. तिचा नवरा दातांचा डॉक्टर, तो दोन वर्षांपूर्वी गेला. बाईंनी मोठं घर विकलं, लहान घर घेतलं, फर्निचर वाटून टाकलं. पण दोन हजार लिटरची काचेची टाकी मात्र बरोबर आणली. कारण तिच्यात एक निळा मासा होता, चौदा वर्षांचा, डॉक्टरांनी अंगठ्याएवढा असताना आणलेला. काचेला तोंड लावून सारखा वाद घातल्यासारखा करायचा, म्हणून त्याचं नाव वकील. बाई सकाळची कॉफी घेण्याआधी वकिलाशी दोन शब्द बोलत. मग घरातल्या बाकीच्यांशी.

पाण्याची जुळणी करायलाच राधामेसचे तीन आठवडे गेले. नळाला पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, जमिनीखालच्या टाकीत साठायचं. एरवी त्याला क्लोरीनचा वास, आणि पाऊस लागला की ते कोकोसारखं दिसायचं. ते आधी गाळाच्या फिल्टरमधून, मग कोळशाच्या दोन नळकांड्यांतून, मग क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यातून. पडदा म्हणजे महा नखरेल वस्तू. एक बादली चांगलं पाणी द्यायला तीन बादल्या फेकून द्यायचा. ते वाया जाणारं पाणी बघून स्वयंपाकीण फेफाचा जीव खालीवर होई. तिने लगेच त्या नळीखाली टब लावला आणि सगळं घर त्याच पाण्याने पुसायला सुरुवात केली.

शेवटी पाण्यातले क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य उमटलं.

"शून्य म्हणजे काय हो मास्तर? पाण्यात पाणीच नाही?"

"पाण्यात नुसतं पाणी आहे, फेफा. या शहरात तेवढी चैन मिळत नाही कुणाला."

मग धुणीघरात त्याने दुसरी, लहान टाकी मांडली. बाईंनी सहा नवे मासे घेतले होते. ते थेट मोठ्या टाकीत सोडायचे नाहीत. चाळीस दिवस वेगळे ठेवायचे, रोग आहे का बघायचा. त्या टाकीत वाळू नाही, दगड नाही, लपायला चार पाइपाचे तुकडे. फेफाने कमरेवर हात ठेवून पाहणी केली.

"तुरुंगात सुद्धा चटई देतात म्हणे."

"चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुमचं काय जातं बोलायला, तुम्ही बाहेर उभे आहात."

धुणीघरातल्या सगळ्या वस्तूंना त्याने लाल पट्टी चिकटवली, दिवाणखान्यातल्या वस्तूंना निळी. जाळी वेगळी, बादली वेगळी, फडकं वेगळं, नळी वेगळी, कात्रीसुद्धा वेगळी. इकडचा हात तिकडे जाणार तर मधे साबण. "कळलं मला," फेफा म्हणाली. "दोन चुली झाल्या, भाऊ वेगळे झाले."

अठ्ठाविसाव्या दिवशी तो बाराओनाला एका दिवसासाठी जाऊन आला, सुताराने तुळया उलट्या बसवल्या होत्या म्हणून. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी दहाला वीज गेली. इन्व्हर्टरने दुपारपर्यंत कळ काढली, मग बॅटऱ्या बसल्या. बाई बहिणीकडे. मास्तर डोंगराआडच्या बसमध्ये, फोन लागेना. घरात एकटी फेफा आणि दोन टाक्यांतलं मेल्यासारखं थांबलेलं पाणी.

तिने ड्रमशेजारचा मग उचलला. पाण्याने भरून खांद्याएवढा उंच धरायचा आणि ओतायचा, म्हणजे हवा मिसळते, हे तिने मास्तरकडूनच ऐकलं होतं. धुणीघरात पन्नास मग, पळत दिवाणखान्यात पन्नास मग, परत धुणीघर. वीज आली पाचला. एक मासा मेला नाही. राधामेस परतला तेव्हा तिच्या मनगटाला पुदिन्याचं मलम आणि पट्टी होती, आणि बाई सगळ्या आळीला फोन करून तिचं कौतुक सांगत होत्या. त्यानेही केलं. कॉफी प्याला, बॅटऱ्या तपासल्या आणि घरी जाऊन पडला. विचारायचं ते त्याने विचारलंच नाही.

तेहतिसाव्या दिवशी धुणीघरातल्या दोन पिवळ्या माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. राधामेस फारसा हबकला नाही. यासाठीच तर वेगळे ठेवलेत. तांब्याचं औषध थेंब मोजून घालायचं, महिनाभर. ते फेफाला शिकवून तो चाळिसाव्या दिवशी निघू शकत होता.

"बिचारे," फेफा म्हणाली. "यांच्यासाठी एवढा हात मोडून घेतला."

"कशाने ओतत होतीस तू?"

"मगाने."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? हाच की." ड्रमशेजारी खिळ्याला टांगलेला अॅल्युमिनियमचा, पोचा आलेला मग. "घरात दुसरा आहे कुठे?"

राधामेसने मगाकडे बघितलं. त्याच्यावर लाल पट्टी नव्हती, निळीही नव्हती. कात्रीला आठवणीने लावली होती त्याने. पण नळ आटला की बादलीतून मगाने अंघोळ करत लहानाचे मोठे झालेले ते सगळे. असा मग कुणा एकाचा नसतो, तो सगळ्या पाण्यातून फिरतो. त्याच्या स्वतःच्या घरीही मगाला कुणी कधी विचारलं नव्हतं, तू कुठून आलास म्हणून.

तो पालथ्या बादलीवर बसला. मोठ्या टाकीत रोग गेला असणार. तिथे तांब्याचं औषध चालत नाही, पोवळी मरतात. म्हणजे दगड उपसून जुना एकूण एक मासा बाहेर काढायचा, धुणीघरात औषधात ठेवायचा, आणि मोठी टाकी शहात्तर दिवस माशांविना चालवायची, तेव्हा कुठे तिच्यातला रोग उपासमारीने मरणार. हे काही थेंब मोजून फेफावर सोपवायचं काम नव्हतं.

वकिलाच्या अंगावर अजून एक ठिपका नव्हता. कदाचित येणारही नाही. आला तरी आठ-पंधरा दिवसांनी. तोवर मास्तर बाराओनात छपराखाली बसलेला असेल आणि बाई फोनवर रडतील. दोष कुणीच देणार नाही. मासा म्हातारा होता, असंच म्हणतील सगळे.

"बाईंना सांगू नका हं," फेफा हळू आवाजात म्हणाली. तिला उमगलं होतं.

"सांगावं लागेल."

"मग माझं नाव घ्या आणि मोकळे व्हा!"

त्याने बाईंना सांगितलं. मगावर पट्टी लावायची राहिली, चूक माझी, एवढंच सांगितलं. दोन्या इव्हेलिसने फेफाकडे पाहिलं, तिच्या मनगटाकडे पाहिलं.

"पाच तास पाणी उपसलं हिने. तिला कोण काय म्हणणार?" मग म्हणाल्या, "वकिलाला त्या उघड्याबोडक्या टाकीत ठेवणार?"

"हो. नाहीतर जाईल तो."

"आणि तुम्ही? चाळीस झाले की गावी जाणार होतात ना?"

राधामेसने गुडघा चोळला. "शहात्तर दिवस आहे मी इथे."

मिनेर्व्हाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "छप्पर झालं. दार झालं. नवराच तेवढा यायचा राहिलाय."

"माझ्या हातून झालं ते."

"तुझ्याच हातून होतं सगळं, मेल्या. गुडघ्याला शेक देतोस का?"

"देतो."

"खोटारडा." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून त्याने मोठी टाकी उपसायला घेतली. पाणी एक तृतीयांशावर आणलं. दगड एकेक करून टबात, पोवळ्यांना धक्का न लावता. एकेका दगडाबरोबर गुडघा बोलत होता. अकरा मासे दुपारपर्यंत निघाले. वकील शेवटपर्यंत कोपऱ्यात भांडला. दोन जाळ्या लावून धरला तेव्हा शेपटीजवळच्या काट्याने त्याने राधामेसच्या तळहातावर लांब चीर पाडली. रक्त पुसायला वेळ नव्हता. फेफाने जाळ्यांवर, टबांवर, आणि न सांगता दोन नव्या मगांवर पट्ट्या डकवल्या.

धुणीघरातल्या टाकीत वकील पाइपाच्या तुकड्यामागे गेला, रंग उडवून बसला. राधामेसने शेवाळाचा तुकडा चिमट्याला लावून आत सोडला आणि समोरच्या बादलीवर टेकला. पाण्यात औषध पडलं होतं. पंप घरघरत होता. शेवाळ हलत होतं, मासा हलत नव्हता. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं तरी तो उठला नाही; उठायचं म्हटलं तर गुडघ्याची परवानगी लागली असती.

फेफा दारात आली. "खाल्लं का त्याने?"

"अजून नाही."

"तुम्ही?"

तिने उकडून कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांचं ताट, वर तळलेल्या सलामी सॉसेजच्या चकत्या, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः दुसरी बादली पालथी घातली.

"मी बघते त्याच्याकडे," ती म्हणाली. "तुम्ही ताटात बघा."