काशीची ओळ

आमच्या दाजींइतका आडमुठा संगीतशिक्षक मराठवाड्यात दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेणापुरात त्यांचं भुसारी दुकान. कपाळाला विभूती, हातात तराजू आणि गल्ल्याखाली पायांनी सदैव धरलेला ठेका. दुष्काळात लग्नं वाजंत्र्याशिवाय लागू लागली आणि गावातला बँड बसला, तेव्हा त्याची पोचे पडलेली सगळी वाद्यं दाजींनी घरी आणली आणि शेजारच्या वसतिगृहातली पोरंपोरी गोळा केली. ज्वारीच्या रिकाम्या कणगीत ढोल ठेवलेला पाहून ताई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. दाजी म्हणाले, बरं झालं, रियाजाला शांतता मिळाली.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा जगावेगळी. अख्खं गाणं ते कुणालाच शिकवत नसत. एकाला पहिली ओळ, दुसऱ्याला दुसरी, काशी नावाच्या पोरीला तिसरी. कुणी दुसऱ्याची ओळ चोरून वाजवली, तर चार दिवस वाद्य जप्त. अशानं ही पोरं शिकणार कधी, असं मी एकदा विचारलं. दाजी गूळ जोखत राहिले.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. रोज कुठलं ना कुठलं कार्यालय उघडायचं. नळाला पाणी नसे, पण फितींना तोटा नव्हता, आणि फीत तिथे दाजींचा बँड. बिदागी म्हणून पोरांना पोटभर जेवण आणि प्रत्येकाला आंघोळीला बादलीभर पाणी. बँडला येत होती ती लग्नातलीच गाणी, त्यामुळे एका बड्या साहेबांचं स्वागत नवरदेव मांडवात येतानाच्या चालीवर झालं. साहेब गोरेमोरे झाले, त्यांच्या पत्नी मात्र खूश होत्या. पुढे एसटीनं कंधार, बिलोलीपर्यंत दौरे झाले. ढोल टपावर टाकायला दाजींचा सक्त विरोध असे. त्याचं तिकीट काढून ते त्याला खिडकीशी बसवत.

दौरे मात्र नेमके दिवाळीनंतर निघायचे. त्याचं कारण मला काशीचा बाप आला त्या दिवशी कळलं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येई आणि आईबापांबरोबर पोरंही ऊसतोडीला जात. एकदा गेलेलं पोर शाळेत परत येईलच असं नसे. बारा वर्षांच्या काशीला तिचा बाप धाकट्या भावाला सांभाळायला न्यायला आला होता. दाजींनी त्याला उपदेश केला नाही. एवढं एक गाणं ऐका आणि मग न्या, म्हणाले. काशी गाठोडं घेऊन बापाशेजारी बसली. दाजींनी ढोल गळ्यात अडकवला. दोन ओळी झाल्या, तिसरीला सगळे गप्प आणि नुसता ढोल. मग चौथी. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तेच.

"मधलं कुठं गेलं?" बापानं विचारलं.

"ते तुमच्या काशीकडं हाय. दुसऱ्या कुनाला येत न्हाई," दाजी म्हणाले. "न्या तिला. आमी असंच वाजवू."

 बाप पोरीच्या हातातलं गाठोडं काढून घेत म्हणाला, "वाजव गं. समदं ऐकू दे मला."

तिनं क्लॅरिनेट उचललं. गाणं संपल्यावर तो एकटाच ट्रककडे गेला. इतकी वर्षं मी दाजींना नुसतं हेकट समजत होतो, त्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काशी कंधारच्या दवाखान्यात नर्स आहे. बाकीची पोरंही कुठं कुठं नोकरीला लागली. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ते गाणं एकदा ऐकव म्हटलं. तिनं कपाटातून क्लॅरिनेट काढलं, तिची ओळ वाजवली आणि थांबली.

"पुढचं बिलोलीच्या सुभाषकडं हाय, काका," ती म्हणाली. "मला एवढंच येतं."

मी पुढच्या ओळीची वाट पाहत पायानं ठेका धरून बसलो होतो. तो थांबवावासा वाटेना.