हलीमाआपाचा दाखला

सकाळी साडेसहाच्या एसटीत हलीमाआपा माझ्याआधी चढली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली. मागच्या बाकांवर आंब्याच्या पेट्या रचलेल्या होत्या, त्यामुळे गाडीभर हापूसचा वास होता. माझ्या मांडीवर कागदांची पिशवी होती. दोघींचे पासपोर्ट, फोटो, हजच्या यादीत नाव लागल्याचं पत्र आणि तंदुरुस्तीच्या दाखल्याचे दोन कोरे फॉर्म. पावस मागे पडेपर्यंत मी ती पिशवी तीनदा उघडून पाहिली.

"कागद पळून जात नाय गो जैबुन," आपा म्हणाली.

हलीमाआपा माझी मोठी नणंद. वय सहासष्ट. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं शिकवलं, पण एकटीने मुंबईसुद्धा कधी गाठली नाही. यंदा पुरुष नातेवाइकाशिवाय जाणाऱ्या बायकांच्या यादीत आमची नावं लागली, तेव्हा गावाला वाटलं मी आपाला घेऊन चालले आहे. खरं उलटं होतं. आपा नसती तर मी अर्जच भरला नसता.

एक गोष्ट मात्र गावाला ठाऊक नव्हती. दोन महिन्यांपूर्वी आपा परसात कपडे वाळत घालताना कोसळली होती. मिनिटभर शुद्ध नव्हती. त्यानंतर आठवड्याने पुन्हा, चुलीजवळ. दोन्ही वेळा मी एकटीच घरात होते. शुद्धीवर आल्यावर तिने माझा हात घट्ट धरला आणि कुणाला सांगणार नाही असं कबूल करून घेतलं.

रत्नागिरीत उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. दवाखान्यात हजला जाणाऱ्यांची वेगळी रांग होती. आमचा नंबर आला तो अकराच्या सुमारास. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आपाचा रक्तदाब पाहिला, साखर पाहिली आणि फॉर्मवरचे प्रश्न वाचू लागल्या.

"आजी, कधी चक्कर येते? शुद्ध हरपलीय कधी?"

"छे! अजून डोक्यावर कळशी घेऊन चढण चढते मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एकत्र राहता ना? बरोबर सांगतायत त्या?"

"हो," मी म्हटलं.

एवढा एकच शब्द. माझा फॉर्म तिथेच पुरा होऊन मला सही मिळाली. आपाच्या वयामुळे बाईंनी तिला हृदयाचा आलेख काढायला सांगितला. "उद्या सकाळी कागद घेऊन या, मग तुमचीही सही करते."

दुपारी एका सभागृहात हजच्या तयारीचं शिबिर होतं. बाहेरच्या पायरीवर बसून आम्ही तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (सुक्या बारीक कोलंबीची) चटणी खाल्ली. आत खुर्च्या भिंतीला लावून मधोमध एका टेबलावर काळं कापड टाकलं होतं. शिकवायला आलेले मौलाना साठीचे होते, आवाज हळू. त्यांनी आम्हाला त्या टेबलाभोवती तवाफ (काबेभोवतीच्या सात फेऱ्या) करून दाखवायला लावला. पन्नासएक बायका एकमेकींचे पाय तुडवत फिरू लागल्या. चौथ्या फेरीला आपाने भिंत धरली.

"गर्मी हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

फेऱ्या संपल्यावर मौलाना म्हणाले, "सामान वीस किलो न्या, पंचवीस न्या. पण कुणाच्या हक्काचं काही सोबत नेऊ नका. ज्याचं मन दुखावलंत, ज्याला फसवलंत, त्याची माफी मागून निघा. आणि ध्यानात ठेवा, हज फर्ज (बंधनकारक) आहे तो ज्याच्या अंगात ताकद आहे त्याच्यावर. ज्याला जमत नाही त्याच्यावर अल्लाने जबरदस्ती केलेली नाही."

बायका वह्यांत लिहून घेत होत्या. मीही वही उघडली. एक जुनी शेजारीण, शाळेतली एक सहकारी, अशी दोन नावं लिहिली आणि पेन थांबलं. शेजारी आपा पदराने वारा घेत होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

तिकडे सरकते जिने फार आहेत, सवय करून घ्या, असं शिबिरात सांगितलं होतं. म्हणून संध्याकाळी आम्ही रिक्षाने रेल्वे स्टेशनला गेलो. जिना समोर आला आणि मी थबकले. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि मी नुसती पाऊल पुढे-मागे करत उभी. मागची माणसं बाजूने निघून जात होती.

"पाऊल टाक आणि कठडा धर. इतकी काय घाबरतेस?" असं म्हणून आपा चढलीसुद्धा. वरून तिने मला हात केला. मी डोळे मिटून पाऊल टाकलं, कठडा धरला, आणि डोळे उघडले तेव्हा वर आपा दिसत नव्हती.

ती जिन्याच्या वरच्या तोंडाशी आडवी पडली होती. माझ्या पायाखालची पायरी मला तिच्याच दिशेने नेत होती आणि मला थांबता येत नव्हतं. पोलिसाच्या गणवेशातल्या एका मुलीने धावत येऊन तिला काखेत धरून बाजूला ओढलं, नाहीतर मी तिच्या अंगावरच पडले असते.

"मावशी! ओ मावशी!" मुलगी तिच्या तोंडावर पाणी मारत होती. आपाने डोळे उघडले.

"असं आधी झालंय का यांना?" मुलीने मला विचारलं.

दिवसात दुसऱ्यांदा तोच प्रश्न. आपा माझ्याकडे बघत होती.

"जिन्याने गरगरलं असेल," मी म्हणाले.

मुक्काम राजिवड्याला, आपाच्या लेकीकडे होता. तिने पापलेट तळलं होतं, सांदणं (तांदळाच्या गोड इडल्या) केली होती. आपा हसतखेळत जेवली. पहाटे फजरच्या नमाजला मी तिच्या शेजारी उभी राहिले, पण माझ्या डोळ्यांपुढे जिना होता. स्टेशनात वीस माणसं होती. तिकडे वीस लाख असतील. ती पडली तर तिला बाजूला ओढायला कोण येणार? आणि हे सगळं ठाऊक असून मी गप्प का होते? दिलेल्या शब्दासाठी? नाही. आपा नसती तर मला एकटीला जावं लागलं असतं, म्हणून.

दवाखान्यात बाईंनी आलेख उलटसुलट पाहिला. "तसं काही वावगं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"डॉक्टरबाई, थांबा," मी म्हणाले. "मी काल खोटं बोलले. या तीन वेळा शुद्ध हरपून पडल्यात. तिसरी वेळ कालची, संध्याकाळची."

आपाने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईंनी टोपण लावलं. मग खुर्ची जवळ ओढून आपाचा हात हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं की ठोके मधूनच मंद होत असावेत, एका आलेखात ते सापडत नाही, कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

"आणि सही?" आपाने विचारलं.

"यंदा नाही करता येणार, आजी."

परतीच्या एसटीत जागा होती, तरी आपा माझ्या पुढच्या बाकावर एकटी बसली. भाट्याचा पूल गेला, सुरूची झाडं गेली. शेवटी मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

"मीही माझं नाव काढते, आपा."

"काढ. म्हणजे लोक म्हणतील, हलीमानं हिलाही अडवलं."

"मी तुमच्यासाठी गप्प नव्हते राहिले. मला एकटीला जायची भीती वाटत होती. माफ करा मला."

"ठाऊक होतं मना," ती म्हणाली. "तू घाबरट. माझ्याशिवाय जायची नाहीस, म्हणजे तोंडही उघडायची नाहीस. म्हणून तर कबूल करून घेतलं तुझ्याकडून." मग हळूच म्हणाली, "तूही माफ कर."

पण मी योग्य केलं असं ती म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही.

घराच्या खळ्यात (अंगणात) पाच-सहा शेजारणी जमल्याच होत्या. "झाला का दाखला?" एकीने विचारलं. मी काहीतरी गुळमुळीत शोधत होते, तेवढ्यात आपा पायरीवर बसत म्हणाली, "हिचा झाला. माझा नाय झाला. मना भोवळ येते, ते मी डॉक्टरापासून लपवत होते."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"आणि मला ते ठाऊक होतं," मी म्हणाले.

हे लिहितेय तेव्हा निघायला तीन आठवडे आहेत. शिबिरात भेटलेल्या गुहागरच्या दोघी बायकांना मी फोन केला आहे. त्या मला सोबत घेणार आहेत. त्यांच्याशी नीट ओळखही नाही. आपाला कोल्हापूरची तारीख मिळाली आहे. त्या दिवशी मी इथे नसेन, आणि जिवाला तोच घोर लागून राहिला आहे. एकटीने जायची भीती गेलेली नाही. विमानतळ, गर्दी, हरवणं, सगळं डोळ्यांपुढे येतं. पण त्या प्रवासाला लागणारा धीर मी दुसरीच्या जिवावर मिळवायला निघाले होते, हे मला रत्नागिरीच्या दोन दिवसांत कळलं. आता जो काही थोडाथोडका धीर आहे तो माझा आहे. तेवढाच घेऊन निघते आहे.