खोक्यावर उभं राहण्याचं काम

सातपूरला आमचा द्राक्षांची पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. खोकी विकायची बाबांची एकच पद्धत होती. गिऱ्हाइकासमोर रिकामं खोकं जमिनीवर ठेवायचं, त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडायचं आणि स्वतः वर उभं राहायचं. शीतगृहात खोक्यांची थप्पी लागते, गारव्याने पुठ्ठा ओलसर होतो आणि तळाचं खोकं दबलं की आतली द्राक्षं फुटतात. बाबा अंगाने भरपूर होते. वर उभे राहून ते निवांत चहा घ्यायचे. कप रिकामा होईपर्यंत सौदा ठरलेला असायचा.

मला हा प्रकार सर्कशीतला वाटे. मी एमबीए केलेलं आहे. त्यामुळे दिंडोरीच्या बागायतदारांच्या कंपनीने, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, यंदा बाहेरची एक मोठी कंपनीही येतेय, तुम्हीही प्रेझेंटेशन द्या असं कळवलं, तेव्हा मी हुरळून गेले. हे गिऱ्हाईक हातचं गेलं तर कारखान्याला टाळं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बाबा तर मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून फारसं बोलतच नव्हते. ते निम्मे झाले होते. रोज सकाळी एवढंच विचारायचे, आज चालायला गेली होतीस का. त्यांचा बांधा माझ्याकडे आलाय.

स्लाइड मी उत्तम केल्या होत्या. कमी शब्द, मोठी अक्षरं, एका स्लाइडवर एकच मुद्दा. दिंडोरीच्या त्या सभागृहात मात्र पडदा नव्हता. पांढरी भिंत होती आणि तिच्या मधोमध कंपनीच्या दिवंगत संस्थापकांचा हार घातलेला फोटो. तो घटकाभर उतरवायचा का, असं मी विचारलं. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या. मग मजबुतीचा आलेख लावला. दुसऱ्या कंपनीचा बुटका खांब भिंतीवर लख्ख दिसला. आमचा उंच खांब झेंडूच्या हारात शिरला आणि दिसेनासा झाला. संचालक मंडळी अदबीने फोटोकडे बघत बसली.

प्रश्न कुणीच विचारला नाही. शेवटची स्लाइड गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "झालं ना ताई? आता शेठला उभं राहू द्या."

बाबांनी मला न सांगता खोकं गाडीत टाकून आणलं होतं. त्यांनी पाणी शिंपडलं आणि माझा हात धरून वर चढले. खोक्याला काही झालं नाही. व्हायचं कारणच नव्हतं. अध्यक्षांनी थोडा वेळ त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग अगदी मायेने म्हणाले, "शेठ, तुम्ही लय हलके झाले. याच्यावरून आता काय कळनार नाय."

बाबा हळूच उतरले आणि खुर्चीत जाऊन बसले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मला भडभडून आलं. रागही आला, पण तो ज्याच्यावर काढावा असं माणूस तिथे नव्हतं. मी चपला काढल्या आणि खोक्यावर चढले.

मागून एका संचालकाने विचारलं, "ताई, वजन किती?"

प्रश्न रास्त होता. लग्नाच्या बायोडेटात मी या बाबतीत बरीच काटकसर केलेली आहे.

"ब्याण्णव," मी म्हणाले.

तेव्हा कुठे सगळे खुर्च्या सरकवून पुढे आले. एकाने वाकून खोक्याचे कोपरे चाचपले. दुसऱ्याने तांब्या घेऊन आणखी पाणी शिंपडलं, थोडं माझ्या पायांवरही. अध्यक्षांनी चहा मागवला. मी तो वर उभी राहूनच घेतला. फार गरम होता, त्यामुळे वेळ लागला. खोकं दबलं नाही. यंदाचा मालही तुमच्याच खोक्यात जाईल, असं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि प्रोजेक्टरची वायर विसरू नका म्हणून बजावलं.

परतताना बाबा बराच वेळ खिडकीतून द्राक्षांचे मांडव बघत होते. म्हसरूळ आलं तेव्हा म्हणाले, "उद्यापासून चालायला जाऊ नकोस."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तू नको बारीक होऊस," ते म्हणाले.