पाळणा दारात अडकला

पाचव्या महिन्यात माझी जुळी बाळं गेली. दवाखान्यातून अमरावतीच्या घरी येऊन मला बारा दिवस झाले होते. 'झालं ते झालं' यापलीकडे घरात कुणी शब्द काढत नव्हतं. एकदा तरी कुणी म्हणावं की दोघं होती, एवढंच मला हवं होतं. त्याऐवजी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून पाळणा उतरला. पोपटी रंगाचा, दोन खणांचा.

बाळ जन्मायच्या आधी पाळणा घरात आणू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सासूबाईंनाही ते ठाऊक होतं. पण सोनोग्राफीत जुळी दिसली आणि त्यांना राहवेना. घरात आणायचा नाही ना, मग अकोल्यात करून ठेवू, असा तोडगा त्यांनी काढला आणि जुन्या शहरातल्या सुताराला गुपचूप सांगून आल्या. पुढच्या धावपळीत त्याला नको म्हणायचं राहूनच गेलं. वेळेच्या आधी काम देणारा सुतार अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल. तो नेमका आमच्या वाट्याला आला.

"झाका, झाका! सुनेले दिसू देऊ नका!" सासूबाई बाहेर धावत ओरडल्या. हे मोर्शीपर्यंत ऐकू गेलं असेल. पाळणा झाकायला नवऱ्याने दुलई नेली, तीही माझ्याच अंगावरून ओढून.

पाळणा दारात अडकला. आडवा केला, तिरपा केला, हलेना. टेम्पोवाला खूश होता. "जुळे हायेत वाटते! पेढे पाह्यजे बरं भाऊ." नवरा "हो, हो" म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या काकू मला भेटायला आल्या. आत यायला वाट नाही, म्हणून त्यांनी पाळण्यावरूनच मान आत घातली आणि माझं सांत्वन केलं. "दोघंई संगच गेले ते बरं झालं, पोरी. एक रायलं असतं तं त्याले करमलं नसतं."

डोक्यात तिडीक गेली. मग लक्षात आलं, बारा दिवसांत दोघं होती असं म्हणणारी हीच पहिली बाई. मी हसत सुटले, इतकी की रडू आलं. नवरा पाणी आणायला निघाला, पण तो पाळण्याच्या बाहेरच्या बाजूला होता. सगळेच बाहेर होते. आतून ओढणारं माणूस मी एकटीच.

उठले आणि ओढला. पाळणा आत आला, दुलई घसरून पडली. सासूबाई मागोमाग आल्या. बारा दिवस माझ्याकडे न बघणाऱ्या त्या बाईने मला विचारलं, "म्या घाई केली म्हनून गेले का व ते?"

"नाही, आई. डॉक्टरांनी सांगितलं ना, त्यात कोणाचाच दोष नाही."

त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. त्या पाळण्याच्या मधल्या फळीवरची धूळ पदराने पुसत राहिल्या.

"हे फळी मीच लावाले सांगतली होती," त्या म्हणाल्या. "एकमेकाले लाथा मारतीन म्हनून."

"मारत होती, आई," मी म्हटलं. "दोघंही."