कारखान्याला जाणारे परिच्छेद

धाकट्या लेकीला इंग्रजीचा परिच्छेद मी शिकवला. हे मी आजही म्हणतो. ज्याला पटत नसेल त्यानं आमच्या कळस गावाला यावं, चहा घ्यावा आणि मग वाद घालावा. मला इंग्रजी येत नाही, ती गोष्ट वेगळी. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणजे मीच सोडली. मास्तर एका जागी बसवायचे आणि आमच्या घरात तोवर एका जागी कोणी बसलेलंच नव्हतं. आजोबा जन्मभर मेंढरांमागं फिरले. वडलांनी निम्मी मेंढरं विकून ऊस लावला, उरलेल्यातली बरीचशी मी विकली आणि अजून ऊस लावला. दोन-चार मेंढरं तेवढी घराला सवय म्हणून ठेवली होती.

नव्वद साल उलटून गेलं होतं, गावात फोनची तार नुकतीच आली होती. त्या वर्षी पोरगी दहावीला बाकी सगळ्या विषयात पास झाली आणि इंग्रजीत गेली. ऑक्टोबरला परत बसून इंग्रजी सुटलं, तर पुढच्या जूनला बारामतीला कॉलेज. नाही सुटलं, तर घरी म्हशी होत्याच. तिला कॉलेजात जायचं होतं. आणि मी तर निकालाच्या आधीच काटेवाडीला जाऊन मेव्हण्याला सांगून आलो होतो, की पोरगी तुमच्याकडं राहील, तिथनं बारामती जवळ पडतं. मेव्हणा बारामतीत एका हापिसात कारकून, इंग्रजी पेपर वाचणारा. निकाल कळल्यावर मला म्हणाला, "दाजी, खोली झाडून ठेवलीय. पोरगी येतीय का कांदं भरू?"

हे मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी हायस्कुलात गेलो. इंग्रजीचे सर नवे होते, पोरगेलेसे, रोज बारामतीहून फटफटीवर यायचे. मी विचारलं, पोरीचं नडतं कुठं?

"परिच्छेदात, तात्या. वाक्यं बरोबर असतात, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. आता हा बघा, विषय माझी आई. पहिलं वाक्य आईचं, दुसरं दिवाळीचं, तिसरं म्हशीचं, मग परत आई."

"म्हंजे पाणी उड्या मारतंय."

सर माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, "ते माझ्यावर सोडा."

"तात्या, तुम्हाला इंग्रजी…"

"पाण्याला कुठं येतंय इंग्रजी?"

आमचं रान उताराचं, म्हणून उसाला पाणी द्यायच्या सऱ्या नागमोडी. पहिली सरी भरत आली की तिचं टोक फोडायचं, पाणी तिथूनच वळून दुसऱ्या सरीत शिरतं, दुसरीच्या टोकाला तिसरीत. असं वळत वळत ते खालच्या बांधापर्यंत जातं. संध्याकाळी मी पोरीला वही घेऊन रानात नेलं, बांधावर बसवलं आणि खोरं हातात घेतलं.

"हे बघ, ही सरी म्हंजे एक वाक्य. आता हितं टोक फोडलं. पाणी कुठं गेलं?"

"दुसऱ्या सरीत."

"मधली सोडून पाचवीत गेलं का?"

"न्हाय, आबा."

"मग तुझं दिवाळीत कसं जातं? ज्या वस्तूवर पहिलं वाक्य थांबलं, त्याच वस्तूवरनं दुसरं चालू करायचं. लिही. माझी आई."

पोरगी गुणी होती, तिनं लिहिलं. इंग्रजीत लिहायची आणि मला मराठीत सांगायची. आई उठते पहाटे. पहाटे निघते म्हशीची धार. म्हैस खाते वाढं. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, ते येतं उसाचं. ऊस जातो कारखान्याला. कारखान्याला असते चिमणी. चिमणीतून निघतो धूर.

मला ऐकून इतकं बरं वाटलं की खोरं खाली ठेवलं. एक थेंब वाया गेला नव्हता.

रात्री जेवताना आमच्या मंडळींना, म्हणजे पोरीच्या आईला, वाचून दाखवायला लावलं. मंडळींनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अवं, ह्यात मी कुठं हाय?"

"पहिल्याच सरीत हायस की."

"आन् मग मी धूर कशानं झाले?"

बायकांना पाटाच्या पाण्याचं काही सांगून उपयोग नसतो. मी दुसरी भाकरी मागितली.

आम्ही महिनाभर असं शिकलो. पावसाळी दिवस, माझा जिवलग मित्र, वाचनाचे फायदे, काही म्हणून सोडलं नाही. पावसाळी दिवसात पाऊस पडला रानात, रानात ऊस, ऊस गेला कारखान्याला. जिवलग मित्र बसायचा बैलगाडीत, बैलगाडीत ऊस. वाचनाला वेळ लागला, कारण पुस्तकातून उसात उतरायला वाट सापडेना. शेवटी पोरीनंच काढली. पुस्तक वाचतात दिव्याखाली, दिव्याला लागते वीज, विजेवर चालते पाण्याची मोटार, आणि मोटार एकदा चालू झाली की पुढचं आपोआप. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग वही घेऊन मी स्वतः सरांकडं गेलो. सर उभ्यानं वाचायला लागले, मग खुर्चीत बसले.

"तात्या, मेळ लागलाय, हे खरं."

"लागणारच."

"पण हे सगळे परिच्छेद कारखान्यालाच का जातात?"

"आमच्या भागातलं सगळं तितंच जातं, सर."

सरांनी रुमालानं तोंड पुसलं. पुसायला जरा जास्तच वेळ लावला. मग म्हणाले, "विषय आई आहे ना? मग शेवटी आई पाहिजे. हे तुमच्याच भाषेत सांगतो. पाणी सरीतनं सरीत गेलं, अगदी बरोबर गेलं, पण शेवटी शेजाऱ्याच्या रानात शिरलं."

आता कळसात कुणाला काहीही बोला, पण तुझं पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं असं म्हणू नये. त्याचा अर्थ तो माणूस बांधावर झोपला होता. मी सरांना नमस्कारही न करता निघालो. घरी आलो आणि पोरीला सांगितलं, तुझ्या सरांना शेती कळत नाही.

"पण आबा, सर म्हणतात तसं कसं करायचं? शेवट आईवर कसा आणू?"

"काय आणायचं न्हाय. पाणी कधी मागं येतं का?"

"परीक्षेत मार्क सर लोक देणार, आबा. पाणी न्हाय देणार."

मी तोंड फिरवून बसलो. एवढ्यात आमची ती दोन-चार मेंढरं बांधावरनं चरून अंगणात आली. कोणी हाकललं नव्हतं, वेळ झाली तशी आली आणि आपल्या जागेवर बसली. पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी येत न्हाय मागं. पण मेंढरं येतात की."

"मग?"

"सकाळी मेंढरांच्या वाड्यातनं निघायचं, एकामागनं एक चालायचं, पण लांब जायचं न्हाय. संध्याकाळी परत वाड्यात."

मी परत तिच्याकडं तोंड केलं आणि म्हणालो, "मी तेच तर सांगत होतो."

पोरीनं वही उघडली. मंडळी चुलीपाशी खोकल्या, पण तो धुराचा खोकला नव्हता.

परीक्षेचं केंद्र इंदापूरला होतं. इंग्रजीच्या पेपराला मी बरोबर गेलो. आत सोडत नव्हते, म्हणून फाटकाबाहेर निंबाखाली बसलो. पहाऱ्याला एक पोलीस होता, त्याला वेळ जात नव्हता. मी त्याला सरी आणि मेंढरं दोन्ही समजावून सांगितली. तो म्हणाला, "आबा, मी बाहेर उभा हाय, आत न्हाय. मला कशाला सांगताय?" माणूस कोरडवाहू भागातला असावा.

पेपर सुटला. पोरगी बाहेर आली. मी विचारलं, "परिच्छेद कशावर आला?"

"माझे वडील."

"कारखान्याला गेला का?"

"न्हाय. घरी आणला."

एवढंच बोलली. यष्टीत मी परत परत विचारलं, काय लिहिलंस? ती खिडकीतनं बाहेर बघून हसायची.

निकाल लागला आणि इंग्रजी सुटलं. मंडळींनी नरसिंहपूरच्या देवाला नवस बोलला होता, त्यामुळं निम्मं श्रेय तिकडं गेलं. जूनला पोरीची ट्रंक घेऊन काटेवाडीला गेलो. मेव्हण्यानं मधल्या काळात खोलीत कांदे खरंच भरले होते, ते आता काढले होते, वास तेवढा राहिला होता. चहा झाल्यावर मी पोरीला म्हटलं, मामाला तो परिच्छेद म्हणून दाखव. ती नको नको म्हणत होती, पण मामानं सोडलं नाही. तिला पाठ होता. मला एकच शब्द कळत होता, फादर, आणि तो जवळजवळ दर वाक्यात येत होता. मी ताठ बसलो.

मेव्हणा हसायला लागला तो थांबेना. बशी खाली ठेवली. मी म्हटलं, "पाव्हणं, मराठीत सांगा."

"ऐका, दाजी. माझे वडील शेतकरी आहेत. माझ्या वडलांना इंग्रजी येत नाही. तरी माझे वडील मला इंग्रजी शिकवतात. मी चुकले तर माझे वडील म्हणतात, सर चुकले. सर बरोबर निघाले तर माझे वडील म्हणतात, मी तेच सांगत होतो. ते रोज रात्री मी वही मिटेपर्यंत समोर बसतात, आणि मग म्हणतात, आज मी पुष्कळ शिकवलं. असे माझे वडील शेतकरी आहेत."

पोरगी खाली मान घालून ट्रंकेची कडी उघडझाक करत होती.

मी विचार केला. वडलांपासून निघाला होता, वाटेत सरांपर्यंत जाऊन आला, आणि संध्याकाळी वडलांपाशी परत. एक मेंढरू चुकलेलं नव्हतं.

"पाव्हणं," मी म्हणालो, "मेळ लागलाय का न्हाय, तेवढं सांगा."

"लागलाय, दाजी. तंतोतंत लागलाय."

"मग झालं तर," मी म्हणालो, आणि तिची ट्रंक उचलून खोलीत नेऊन ठेवली.