बसदीतल्या दिव्याचं तेल

चहाचा घोट आधी गिळा, नाहीतर ठसका लागेल. जैनांच्या देवळात, म्हणजे बसदीत, माशाचं तेल जळलेलं ऐकलंय कधी? आमच्या निपाणीत जळलं! आणि ते ज्याच्या अकलेनं जळलं, तो हा तुमच्यापुढं बसलाय.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. आमचा थोरला बाळू खोकून खोकून गेला. त्याला वर्ष होतंय न होतंय तोच धाकटी पद्मी तशीच खोकायला लागली. हातपाय नुसत्या काटक्या! तिचा खोकला ऐकला की मी आणि बायको एकमेकांकडं बघायचोसुद्धा नाही.

अशात हेडमास्तरांनी आईबापांना शाळेत बोलावलं. बेळगावहून डॉक्टर आले होते. तापातल्या पोराला शाळेत धाडू नका म्हणाले, पाणी गाळून उकळून प्या म्हणाले. आमची जैन मंडळी लगेच छाती पुढं काढून बसली. पाणी गाळायचं आम्हाला शिकवतोय होय! मग डॉक्टरांनी पद्मीला पुढं घेतलं, छाती तपासली आणि माझ्या हातात एक बाटली ठेवली.

"रोज एक चमचा. माशाचं तेल आहे."

आता काय करावं? आमच्या घरात कांदा येत नाही, दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. बाळूच्या वेळी चिकोडीच्या डॉक्टरनं हेच तेल सांगितलं होतं, तेव्हा "आमची आई घरात घेणार नाही" म्हणून मी हात जोडून परत आलो होतो. या खेपेला मात्र हात जोडवेनात. बाटली कोटात घातली आणि वाटेत तिच्यावरचा कागद नखानं खरवडून टाकला.

बायकोला खरं सांगितलं. ती चमचा घेऊन आली. आईला, म्हणजे आव्वाला, मात्र थाप मारली.

"कसलं रं त्याल हे, भरमू?"

"मुळीचं हाय, आव्वा."

"मुळीचं? कंदमूळ आणलंस घरात?"

घ्या! खोटं बोलायचं, तर तेही धड जमेना.

"मुळीचं न्हवं गं, पानाचं!"

"कसल्या पानाचं?"

"हिमालयात असतंय ते."

एकदा हिमालय तोंडातून गेला आणि माझा घात झाला. माझ्या लेकानं हिमालयातनं तेल मागवलंय, हे आव्वानं गल्लीभर केलं. शेजारच्या म्हाताऱ्या गुडघ्याला चोळायला वाटी घेऊन हजर! पद्मी शाळेला निघाली की मागं गल्लीतली मांजरं निघायची. कुणी विचारलं, तर आव्वा सांगायची, "लई पवित्र त्याल हाय, मुक्या जनावराला बी कळतंय."

पण पद्मीचा खोकला उतरला हो! गालावर जरा मांस दिसायला लागलं. मला खरंच रडू यायचं, आणि बाळू आठवला की जास्तच यायचं.

महावीर जयंतीला बसदी माणसांनी भरली होती. आम्ही पोचेपर्यंत आव्वा पुढं जाऊन बसली होती. नात बरी झाली म्हणून तिनं देवापुढं दिवा लावला होता, आणि दिव्यात काय घातलं होतं? हिमालय!

वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले. दोन मांजरं पायरीवर येऊन बसली. देवाची पूजा करणारे उपाध्ये म्हणाले, "आक्का, त्याल कुठलं हे?"

तेवढ्यात एक व्यापारी ओरडले, "बेळगावात मासळीच्या गल्लीत असाच वास येतोय!"

उपाध्ये त्यांच्याकडं वळले. "तुम्ही त्या गल्लीत कशाला गेलता?"

व्यापारी लगबगीनं देवाला हात जोडायला लागले. पण आव्वानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बघून तिला सगळं कळलं. तिनं दिवा शांत केला, "त्याल खवट झालंय" म्हणाली आणि घरी निघाली.

घरी गेल्या गेल्या मी तिचे पाय धरले आणि डॉक्टर, माशाचं तेल, सगळं सांगून टाकलं. आता बाटली फेकून देणार, पद्मीचं कसं होणार, याचीच मला धास्ती.

आव्वा म्हणाली, "ऊठ. या पापाचा उपास मी धरते. पोरीचं त्याल बंद करू नगंस."

मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! तिच्या गळ्यात पडायचंच बाकी होतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाळू बी असाच खोकायचा. त्याच्या वक्ताला डॉक्टरनं हेच सांगितलं हुतं?"

"व्हय."

"मग का आणलं न्हाईस?"

"तू नगं म्हणशील म्हणून."

आव्वा खाली बसली. बाळू त्या तेलानं वाचलाच असता असं नाही, कुणी सांगावं? पण तिनं पदर तोंडाला लावला.

"मला इचारलंस तरी कवा, भरमू?"

बघा आता! चारचौघांत शहाणा म्हणवणारा मी, आणि तिच्या तोंडचा नकार तिला न विचारताच डॉक्टरला देऊन आलो होतो.